फास्ट गाडी ठाकुर्लीला थांबत नाही

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. "मावशी, फाइल डोळ्यांसमोर आहे, उघडून बघितली, शब्दही त्यात आहे, आणि आरजी म्हणतो काही सापडलं नाही. टूल बिघडलंय." फोनवर दोन कमांड सांगितल्या, तुझं काम झालं, तू झोपलीस. मी मात्र कूस बदलत राहिले. तुला उत्तर दिलं, पण ते कुठून काढलं ते सांगितलंच नाही. पुढच्या वेळी तू मला फोन करशील, आणि कधीतरी मी फोन उचलायला नसेन. म्हणून हे लिहून ठेवते आहे. कमांड मी आपण बोलतो तशाच नागरीत लिहिणार, ‘डॅश डॅश हिडन’ वगैरे. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाक, एवढं कळतं तुला.

आधी एक दुरुस्ती. ‘काही सापडलं नाही’ असं आरजी, म्हणजे फायलींतले शब्द शोधणारा तुझा रिपग्रेप, म्हणालाच नव्हता. तो गप्प होता आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ तू लावलास. कमांड संपल्यावर तो एक आकडा मागे ठेवतो: सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, वाटेत काही अडलं तर २. तुझ्या फाइलच्या दारावरून तो नुसता निघून गेला तरी आकडा १, आणि आत शिरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून हात हलवत परत आला तरी १. एकच सवलत त्याने दिली आहे. एकही फाइल उघडली गेली नसेल तर तो सांगतो, की बाबा, बहुधा तुझ्या ध्यानात नसलेली चाळणी मध्ये आली आहे, डॅश डॅश डीबग लावून बघ. पण १०० फायलींपैकी ९९ पाहिल्या आणि एक सोडली, तर त्या एकीबद्दल चकार शब्द नाही. आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं त्या एकीत.

म्हणून टूलला शिव्या देण्याआधी एक चाचणी कर. शोधाच्या शब्दापुढे त्या फाइलचं पूर्ण नाव हाताने लिही आणि पुन्हा एंटर मार. नाव घेऊन सांगितलेल्या फाइलला आरजी वगळत नाही. ती लपलेली असो, इग्नोअरच्या यादीत असो, तो आत जातोच. आता सापडलं, तर मघाशी फाइल वगळली गेली होती. आताही नाही सापडलं, तर फाइलचा दोष नाही, शब्दाचा आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. आमच्या खात्यात मुलं दोन-दोन तास घालवायची ती एकाचं औषध दुसऱ्यावर लावून.

वगळण्याचं आधी घेऊ, कारण तुझं दुखणं ते होतं.

मी ठाकुर्लीला राहते. ठाण्याहून सुटलेली फास्ट लोकल डोंबिवलीला थांबते आणि मग एकदम कल्याण. आमचा फलाट तिच्या वाटेतच आहे, फलाटावरच्या माणसांचे चेहरे दिसतील इतका जवळ. यात मोटरमनची चूक नाही की गाडीचा बिघाड नाही. कुठे थांबायचं नाही ते आधीच ठरलेलं आहे आणि लिहिलेलं आहे. आरजीचंही तसंच. तो जे सोडतो ते लहरीने सोडत नाही. कुठल्यातरी फाइलमध्ये, कुणीतरी, कधीतरी लिहिलेल्या एका ओळीमुळे सोडतो. आपल्याला ती ओळ शोधायची असते.

आरजीचा पूर्वज म्हणजे जुना ग्रेप, त्याला ही भानगड नव्हती. केन थॉम्प्सनने १९७३ मध्ये तो युनिक्ससाठी वेगळा काढला. ‘एड’ नावाच्या संपादकातली एक आज्ञा होती, तिच्याच अक्षरांवरून नाव पडलं. तुम्ही फायली द्यायच्या, तो वाचणार. काय द्यायचं ही जबाबदारी आपली. पुढे कोडचे ढिगारे वाढले. एका प्रोजेक्टमध्ये स्वतः लिहिलेल्या २०० फायली आणि बाहेरून उतरवलेल्या २० हजार असं होऊ लागलं. त्या सगळ्यांतून आलेलं उत्तर वाचणार कोण? मग २००५ मध्ये अँडी लेस्टरचा ‘अ‍ॅक’ आला, पुढे ‘सिल्व्हर सर्चर’, आणि २०१६ मध्ये अँड्र्यू गॅलंटचा रिपग्रेप, म्हणजे तुझा आरजी. या पिढीने ठरवलं की प्रोग्रामरला नको असेल ते आपणच सोडायचं. मला विचारशील तर हे बरोबरच आहे. पण जे न सांगता सोडलं जातं, ते कळायची सोय आपल्या हातात हवी. ती सोय आहे, लोक वापरत नाहीत इतकंच.

आणि हे फक्त टर्मिनलवाल्यांचं दुखणं नाही. तुझ्या शेजारी बसणारा तो मुलगा, जो काळी खिडकी दिसली की खुर्ची मागे घेतो, तोही व्हीएस कोडमध्ये शोधतो तेव्हा आत आरजीच धावत असतो. तिथे शोधाच्या चौकटीखाली, वगळायच्या फायलींच्या रकान्यात एक दातेरी चाकाचं चिन्ह आहे. ते बंद केलं की वगळणी थांबते. त्याला सांग, चहा पाजेल.

आता यादी. मुळात आरजी तीन प्रकारची घरं टाळतो: इग्नोअरच्या यादीतली, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली म्हणजे लपलेली, आणि ज्यांचा मजकूर त्याला मजकूर वाटत नाही अशी, म्हणजे बायनरी. ‘डॅश यू’ एकदा लावलं की पहिला अडसर जातो, दोनदा लावलं की दुसराही, तीनदा लावलं की तिसराही. मी ते दार ठोठावल्यासारखं वापरते. एकदा, दोनदा, तीनदा. कितव्या ठोक्याला उत्तर आलं त्यावरून अडसर कुठला ते कळतं. पण तीन यू लावून ठेवायची सवय लावून घेऊ नकोस. मग डॉट गिटच्या पोटातला सगळा कचरा अंगावर येतो आणि ज्या त्रासातून सुटायला हे टूल आलं तोच पुन्हा घरात घेतल्यासारखं होतं.

अडसर कळला, की ओळ शोधायची. त्यासाठी दोन कमांड. एक, ‘आरजी डॅश डॅश फाइल्स’. ही काही शोधत नाही, मी कुठे कुठे जाणार त्याची यादी तेवढी देते. तुझी फाइल त्या यादीत आहे का बघ. दुसरी, नेहमीच्या शोधाला ‘डॅश डॅश डीबग’ जोड. मग खूप बडबड ऐकावी लागते, पण तीत ‘इग्नोअरिंग’ असं म्हणून फाइलचं नाव येतं. त्याच ओळीत ‘फ्रॉम’पुढे नियम कुठल्या फाइलमधून आला त्याचा पत्ता आणि ‘ओरिजिनल’पुढे तो नियम जसाच्या तसा. लपलेली म्हणून सोडली असेल तर नुसतं ‘हिडन’. ही बडबड एररच्या वाटेने येते, तेव्हा पाइप करून गाळायची असेल तर आधी ती नेहमीच्या वाटेवर वळवावी लागते. तुमच्या पिढीतले हुशार लोक एररची वाट आधीच कचऱ्यात सोडून ठेवतात, ‘परवानगी नाही’ हा निरोपही तिकडेच जातो, आणि मग म्हणतात टूल काही सांगत नाही.

तुझी भानगड अशी होती. ‘रिपोर्ट्स’ नावाच्या फोल्डरमधली फाइल सापडत नव्हती. तू म्हणालीस, "पण ती गिटमध्ये आहे! सगळ्यांकडे आहे! इग्नोअर कशी असेल?" हा प्रश्न फार चांगला होता, आणि चाळीस वर्षांच्या लोकांनाही तो पडतो. इथे जरा थांबते.

मी लहानपणी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात जायची, १८६४ सालचं ते. पुस्तक आहे की नाही हे दोन तऱ्हांनी कळायचं. एक तर टेबलावरची नोंदवही, नाहीतर स्वतः कपाटांमधून फिरणं. गिट नोंदवहीवाला आहे. एकदा फाइल नोंदवहीत चढली की नंतर कुणी डॉट गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटच्या वगळणीच्या यादीत, ‘रिपोर्ट्स’ लिहिलं तरी गिटला फरक पडत नाही. ते नियम नोंद न झालेल्या फायलींसाठी असतात. नियम आधीपासून असला तरी ‘अ‍ॅड’ला डॅश एफ लावून फाइल घुसवता येतेच. आरजी मात्र नोंदवही उघडतच नाही. तो कपाटांतून फिरतो, आणि ज्या कपाटावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी दिसेल ते सोडून पुढे जातो. पुस्तक नोंदवहीत आहे की नाही हे त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून फाइल गिटमध्ये आहे, सगळ्यांकडे आहे, आणि तरी आरजीला ती दिसत नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

अशा वेळी ‘गिट ग्रेप’ वापर, तो नोंदवहीवरून चालतो. कुठल्या नियमाने अडवलं हे गिटलाच विचारायचं तर ‘गिट चेक-इग्नोअर डॅश व्ही’ आणि फाइलचा पत्ता. फाइल, ओळीचा क्रमांक, नियम, सगळं सांगतो. पण नोंदवहीत चढलेल्या फाइलबद्दल तोही मौन धरतो, म्हणून ‘डॅश डॅश नो-इंडेक्स’ जोडावं लागतं. हे मला कळायला एक अख्खा शनिवार गेला होता, तुला फुकट मिळतंय.

आणि उपाय? टीमच्या गिटइग्नोअरला हात लावू नकोस, उगीच बोलणी खाशील. त्याच जागी ‘डॉट इग्नोअर’ नावाची वेगळी फाइल कर आणि तिच्यात उद्गारचिन्ह लावून ‘रिपोर्ट्स’ फोल्डर लिही. उद्गारचिन्ह म्हणजे ‘हे सोडू नको’. आरजीच्या लेखी डॉट इग्नोअरचं वजन गिटइग्नोअरपेक्षा जास्त, आणि डॉट आरजीइग्नोअरचं त्याहून जास्त. फक्त पूर्ण फोल्डर वगळलेला असताना आतल्या एकाच फाइलला उद्गारचिन्ह लावून भागत नाही. दार बंद तर आतली खोली उघडून काय उपयोग? फोल्डरच मोकळा करावा लागतो.

नियम नेहमी त्याच फोल्डरमध्ये असेल असंही समजू नकोस. आरजी वरच्या फोल्डरांतल्या याद्याही वाचतो. एकाने आपला अख्खा होम फोल्डर गिटमध्ये ठेवला होता आणि वरच्या गिटइग्नोअरमध्ये नुसता एक तारा लिहिला होता. त्याच्या सोयीचं होतं ते. पण त्याखालच्या साध्या फोल्डरांत आरजीला काही म्हणजे काही दिसेना. शिवाय गिटची एक सगळ्या प्रोजेक्टांना मिळून लागणारी यादी असते, आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये डॉट गिटच्या आत ‘इन्फो’मध्ये ‘एक्स्क्लूड’ नावाची खासगी यादी असते, ती कुणाला दिसत नाही. ऑफिसचा लॅपटॉप दुसऱ्या कुणाच्या हाताखालून आला असेल तर आरजीची कॉन्फिग फाइलही बघ. ‘डॅश डॅश नो-कॉन्फिग’ लावून फरक पडतो का ते बघितलं की लगेच कळतं.

किरकोळ गोष्टी पटकन सांगते. दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या, म्हणजे सिमलिंक फोल्डरांत तो आपणहून शिरत नाही, मोठा डॅश एल लाव. डॅश टी लावून भाषेचा प्रकार दिलास तर विचित्र शेपटीच्या फायली बाद. आणि क्रॉनमध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये आरजी नुसताच अडकून बसला, तर तो बिचारा फोल्डर न पाहता कुणीतरी पाइपमधून मजकूर देईल म्हणून वाट बघत असतो. शेवटी एक टिंब दे, म्हणजे ‘इथेच शोध’.

आता दुसरं दुखणं, म्हणजे फाइलमध्ये गेला पण ओळखलं नाही. हे मराठी माणसाचं खास दुखणं आहे आणि तुमच्या इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये ते मिळायचं नाही.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास निघाला तेव्हा अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, ठराव नेमका कुठल्या सभेत झाला हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. संगणकवाली बाई म्हणून. माझ्याकडे १९९६ पासूनच्या इतिवृत्तांच्या फायली. मी ऐटीत आरजी लावला, ‘अभिहस्तांतरण’. तीन ओळी आल्या, तिन्ही गेल्या पाच वर्षांतल्या. कमिटीतले म्हणाले, झालं, ठराव नव्हताच. मी म्हटलं थांबा.

पहिला घोळ माझाच होता. मध्यंतरीच्या सात वर्षांच्या फायली मी सोयीसाठी एकामागे एक जोडून एक मोठी फाइल केली होती. काही युटीएफ-८, आणि काही जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ म्हणून जतन केलेल्या, म्हणजे युटीएफ-१६. एकटी असती तर युटीएफ-१६ ची फाइल आरजीने सुरुवातीची खूण बघून नीट वाचली असती. जोडल्यावर ती खूण मधोमध कुठेतरी गेली. युटीएफ-१६ मध्ये प्रत्येक अक्षराला निदान दोन बाइट. नागरी अक्षरांचा वरचा बाइट ०९, तिथे शून्य येत नाही. पण दोन शब्दांमधली मोकळी जागा आणि ओळीचा शेवट यांचा वरचा बाइट ००. आरजीला शून्य बाइट दिसला की तो म्हणतो हा मजकूर नव्हे, बायनरी, आणि फाइल सोडतो किंवा मध्येच थांबतो. म्हणजे आमच्या सात वर्षांच्या सभा बाद झाल्या त्या शब्दांमुळे नव्हे, शब्दांमधल्या मोकळ्या जागांमुळे! डॅश ए लावून बळजबरीने वाचायला लावता येतं, पण तो वाचतो एका लिपीत आणि लिहिलेलं असतं दुसऱ्या, तेव्हा सापडत काही नाही. मूळ फायली मी पुसल्या नव्हत्या. एकेक ‘आयकॉन्व्ह’ने युटीएफ-८ केली.

तरी ठराव नाही. १९९६ ते २००२ ची इतिवृत्तं तेव्हाच्या फॉन्टांत टाइप केलेली, श्रीलिपी आणि डीव्ही-टीटी जातीच्या. पडद्यावर मराठी दिसतं, फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि खुणा यांचा काला. फॉन्टचा मुखवटा काढला की मराठी एक अक्षर नाही. आरजी तिथे शिरतो, इमानदारीने वाचतो, रिकामा परततो. इथे डॅश यू कितीही ठोक, उपयोग नाही. कन्व्हर्टरमधून काढावं लागतं आणि नंतर डोळ्यांनी तपासावं लागतं, कारण जोडाक्षरं कुठेतरी सांडतातच.

त्यानंतर ‘दुसऱ्या’ने छळलं. ‘दुसऱ्या मजल्याची गळती’ या विषयाखाली ठराव आहे असं एका आजोबांना आठवत होतं. शोधलं, नाही. तो शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक ‘दुसऱ्या’, खाली नुक्ता असलेला ऱ वापरून. दुसरा ‘दुसर्‍या’, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आरजीला ते दोन वेगळे शब्द. तसंच ‘ॲ’चं. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीची मंडळी अ वर चंद्र काढून भागवायची, आणि अजून पुष्कळजण तसंच करतात. ‘ॲडव्हान्स’ शोधशील तर निम्मे हिशेब निसटतील. अशा शब्दांत वादाचं अक्षर सोडून उरलेला तुकडाच शोधावा, ‘डव्हान्स’ एवढाच.

त्याहून साधी चूक मी अजूनही करते. ‘ठाणे’ शोधते आणि ‘ठाण्याच्या उपनिबंधकांकडे’ निसटतं. आपली भाषा शब्दाला प्रत्यय लावताना त्याचं रूप बदलते, टूलला त्याचं काय! तेव्हा ‘ठाण’ एवढंच शोध. डोंबिवली, कल्याण गुणी आहेत, त्यांचं मूळ जागचं हलत नाही. आणि डॅश डब्ल्यू, म्हणजे पूर्ण शब्दच शोध असं सांगणारं, मराठीत लावताना दोनदा विचार कर. एका बाबतीत मात्र आरजी आपल्या बाजूचा: आकड्यासाठी बॅकस्लॅश डी लिहिलंस तर तो १९९८ लाही आकडाच समजतो.

ठराव सापडला म्हणा. २००१ च्या वार्षिक सभेत होता. तिथे ‘अभिहस्तांतरण’ नव्हतंच, ‘कन्व्हेयन्स’ होतं. पुढच्या सचिवाने ‘कन्व्हेअन्स’ लिहिलं, त्यापुढच्याने ‘कनव्हेन्स’. तीन सचिव, तीन शब्द, एकच काम. आता मी फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवली आहे, कुठल्या काळात कशाला काय म्हणायचे त्याची. तुमच्या ऑफिसमध्येही ठेव. तिथेही एकाच गोष्टीला क्लायंट, कस्टमर आणि पार्टी अशी तीन नावं असणार, पैजेवर सांगते.

रविवारी येशील तेव्हा लॅपटॉप आण, तुझी कॉन्फिग फाइल मला बघायची आहे. कुणीतरी त्यात डॅश डॅश मॅक्स-फाइलसाइज लिहून ठेवलंय असा मला दाट संशय आहे, तुझ्या मोठ्या लॉगमधून काहीच येत नाही म्हणालीस त्यावरून. आणि ठाण्याहून स्लो पकड. मागच्या वेळी फास्टमध्ये चढलीस आणि कल्याणहून उलटी आलीस, तोवर आमटी दोनदा गरम करावी लागली मला.